आक्काच्या नावापुढचा रकाना

आमच्या गावच्या मुलींच्या शाळेला कमिटी नेमली, तेव्हा तिच्या सभासदांची माहिती लिहिताना मी तीन खोट्या गोष्टी लिहिल्या. त्यातल्या दोन खपून गेल्या. हे लिहितो आहे ते तिसरीबद्दल.

गाव निपाणीपासून दोन कोसांवर. मी बेळगावला कॅम्पातल्या शाळेत शिकून मॅट्रिक झालो होतो, पायात बूट होते आणि अक्षर वळणदार होतं. एवढ्या भांडवलावर मला कमिटीचं चिटणीसपद मिळालं. पाठोपाठ जिल्हा स्कूल बोर्डाकडून एक छापील तक्ता आला. प्रत्येक सभासदाचं नाव, शिक्षण, व्यवसाय, अनुभव. तो वाचून मला घाम फुटला, कारण मला सोडून कमिटीचं सगळं शिक्षण एकत्र केलं तरी चौथीच्या पुढं जात नव्हतं!

चेअरमन रामाप्पा. शिक्षण: सही येते. धंदा: तंबाखूची पारख. नुसतं पान नाकाशी धरलं की ते कुणाच्या रानातलं हे सांगायचे (आणि त्या रानाच्या मालकाचं बायकोशी पटतं की नाही, हेसुद्धा). मी लिहिलं, 'शेतीशास्त्राचे जाणकार'. दुसरे दत्तोबा हवालदार. गाव त्यांना हवालदार म्हणायचं ते खाकी कोटामुळं. कॅम्पात ते गोऱ्या अंमलदारांच्या खानावळीत आचारी होते. मी लिहिलं, 'लष्करात बावीस वर्षे सेवा'.

शाळा मुलींची, तेव्हा कमिटीवर एक बाई हवीच, असा बोर्डाचा आग्रह होता. ती तिसरी सभासद म्हणजे माझी आक्का. नात्यानं आत्या, पण सगळं गाव आक्का म्हणायचं म्हणून मीही. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून मी आक्काचाच. आणि आक्का गावाची सुईण होती. पंचवीस वर्षांत गावात जन्मलेलं प्रत्येक पोर आधी तिनं बघितलं, मग त्याच्या आईनं. आळी कुठली, जात कुठली, हे तिनं कधी विचारलं नाही. तिच्या हातांना एरंडेलाचा आणि तंबाखूचा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की मी जागीच थांबतो. लोकांना वाटतं, मला चिमूटभर तंबाखू हवी आहे.

तक्ता लिहिताना ती शेजारी बसली होती.

"माझ्याम्होरं काय लिवलंस?"

"घरकाम."

"आन सुईणकाम?"

"ते व्यवसायात बसत न्हाय, आक्का."

"असं? घरकाम बसतंय व्हय?" ती म्हणाली. "बरं, लिव बाबा. शिकल्याला तू हाईस."

बसत होतं. न बसायला काय झालं? पण मला बेळगावात स्कूल बोर्डाच्या कचेरीत कारकून व्हायचं होतं, तसा अर्जही केला होता, आणि कारकुनाची आत्या दुसऱ्याच्या घरची बाळंतपणं करते हे माझ्या बुटांना शोभत नव्हतं.

आक्काला मात्र कमिटीत बसायची हौस वेगळ्याच कारणासाठी होती. शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीचा वर्ग मिळाला असता तर मुली आणखी वर्षभर राहिल्या असत्या. "शाळंत हाय तवर पोरगी सासरी धाडत न्हाईत रं," ती म्हणायची. "परवा माझ्या हातात आलेली पोर उद्या पोटुशी हून माझ्याच हातात येती. वरीसभर तरी उशिरा येऊ दे." त्या साली चौथीत रामाप्पांच्या भावकीतली सुंद्रा पहिली आली होती. तिच्यावर आक्काचा भारी जीव.

पाचवीचा वर्ग द्यायचा की नाही हे ठरवायला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, निपाणीहून बैलगाडीतून आले. उतरताना त्यांची पाठ धरली. एक पाय जमिनीवर, एक गाडीत, आणि मधले साहेब वाकलेले ते तसेच!

आक्का माझ्या कानाशी आली. "किसना, हान लाथ."

आता हे सांगायला हवं की मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. पायाळू माणसानं लाथ मारली की धरलेली पाठ सुटते, असं आमच्याकडं मानतात. लहानपणी मी अर्ध्या गावाला लाथा मारल्या आहेत, तेही हात जोडून केलेल्या विनंतीवरून.

"आक्का, ते सरकारी साहेब आहेत."

"मग? सरकारी पाठीला येगळं हाड असतंय?"

"हे बघ, आज तू एक अक्षर बोलायचं न्हाय. शपथ हाय माझी."

ती मागं सरली. साहेबांची पाठ आपोआप सुटली, पण चेहरा आखडलेलाच राहिला.

शाळेत खुर्चीवर बसून त्यांनी माझा तक्ता उघडला. "लष्करात बावीस वर्षं? वा! हवालदार, मुलींची कवायत घ्या बघू."

दत्तोबांनी माझ्याकडं असं बघितलं की आयुष्यात पुन्हा त्यांच्या हातचं मटण मिळणार नाही, हे मी समजलो. मग ते उठले, कोट खाली ओढला आणि ओरडले, "ताटं उचला!" मुलींनी पाट्या उचलल्या. "डाव्या अंगानं चला! सांडू नका! मोठ्या सायबापासनं सुरुवात!" चाळीस मुली रांगेनं आल्या, साहेबांच्या पुढं एकेक पाटी अलगद धरून डावीकडून निघून गेल्या. एकीचा पाय दुसरीला लागला नाही. साहेब म्हणाले, "उत्तम शिस्त."

मग शेतीशास्त्र. रामाप्पांनी साहेबांच्या हातातली तपकिरीची डबी घेतली, हुंगली आणि परत दिली. "ह्यात चुना जास्ती हाय सायेब. कोण दिली, त्येला बदला." साहेबांना कधीपासूनचा तोच संशय होता म्हणे. तेही खूश.

माझी छाती फुगली. तेवढ्यात साहेबांनी मुलींच्या नावांचं रजिस्टर उघडलं.

"सुंद्रा, जन्म एक जून. हौसा, एक जून. तारा, एक जून." त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. "या गावात एक जूनला काही विशेष असतं का?"

विशेष एवढंच, की शाळा जूनात उघडते आणि जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. मास्तर विचारतात, बाप डोकं खाजवतो, मास्तर एक जून लिहितात. माझीही एक जूनच.

"वयं खरी असल्याशिवाय पाचवीची शिफारस मी करणार नाही," साहेब म्हणाले. "खरं वय सांगणारं कोणी आहे?"

होतं. साऱ्या शाळेला माहीत होतं कोण आहे ते. आक्का माझ्याकडं बघत होती. मी बुटांकडं बघत होतो. मग तिनं माझी शपथ मोडली.

"सायेब, सुंद्रा रामाप्पाच्या वखारीला आग लागली, त्येच्या दुसऱ्या दिवसाची. आता दिवाळीला दहा सरतील. हौसा त्याच सालच्या बेंदराच्या सकाळची, बैलं रंगवून दारात हुबी हुती. तारा तिच्यापरीस तीन महिन्यांनी धाकली, नाळ मानंभवती गुंडाळून आलती, निळी पडलेली."

साहेब लिहून घ्यायला लागले. चार-पाच नावं लिहिली आणि थांबले. माझा तक्ता पुन्हा पुढं ओढला.

"तुम्ही कमिटीवरच्या ना? इथं व्यवसाय घरकाम आहे. घरातल्या बाईला गावभरच्या बाळंतपणांची माहिती कशी?" ते माझ्याकडं वळले. "चिटणीस, हे तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे?"

रामाप्पा हवालदारांकडं बघू लागले, हवालदार आढ्याकडं. त्यांचे रकाने आक्काच्या रकान्याला टेकून उभे होते, एक पडला असता तर सगळे पडले असते. तक्त्याखाली सही माझी होती, आणि माझ्या अर्जावर शेरा याच साहेबांचा पडणार होता.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.

आक्कानं एकदाच माझ्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला. "व्हय सायेब. किसनानं लिवलंय तेच खरं. मी चुलीम्होरची बाई. हिकडनं तिकडनं ऐकल्यालं सांगितलं."

साहेबांनी शेरा लिहिला: 'वयांची खात्री पटत नाही. पाचवीचा विचार पुढील वर्षी.'

घरी येताना मी दहा पावलं मागं होतो. ती थांबली. आता बोलेल, असं वाटलं.

"बूट चावत्यात काय रं? लंगडतोयास," ती म्हणाली.

(कारकुनाची जागा दुसऱ्याला मिळाली. माझा अर्ज साहेबांनी वाचलाच नव्हता, असं पुढं कळलं.)

रामाप्पांचं आणि दत्तोबांचं मी वाढवून लिहिलं होतं, ते त्यांनी कसंबसं निभावून नेलं. आक्काचं मी कमी करून लिहिलं, ते निभावणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्या उन्हाळ्यात सुंद्राला चिकोडीकडं दिली. पाचवीचा वर्ग पुढच्या वर्षीच्या जूनात मिळाला, पहिल्या बाकावरची जागा मोकळी राहिली. चार वर्षांनी सुंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आक्काच्या हातात. पोर आडवं होतं, दोन दिवस लागले. मी बाहेर पाणी तापवत होतो. दोघी वाचल्या. आक्का हात धुवायला बाहेर आली, मी तिच्या हातावर पाणी घातलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "पाणी जास्त गरम तर न्हाय?"

पुढं सहा वर्षं मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी पुढं ढकलायचो.

मग एका जूनात सुंद्रा आपल्या मुलीला घेऊन कायमची माहेरी आली आणि तिचं नाव घालायला शाळेत आली. रजिस्टर अजून माझ्याकडंच होतं. मास्तरांनी सवयीनं एक जून लिहायला टाक उचलला. मी तो काढून घेतला आणि तसाच घरी गेलो.

आक्का उन्हात बसली होती. डोळे गेले होते, माणूस हातानं ओळखायची. मी सुंद्राच्या मुलीची जन्मतारीख विचारली. तिनं तिथी, वार, पाऊस, सगळं सांगितलं. मग मी शाळेच्या दप्तरातून सोबत आणलेली जुन्या तक्त्याची नक्कल काढली, तिच्या नावापुढचं 'घरकाम' खोडलं, 'सुईण' लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. बूट काढले. तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आक्का, माझं चुकलं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

तिचा हात माझ्या डोक्यावर आला. टाळूवरून फिरत मागं गेला, जिथं आता केस उरले नव्हते. वास तोच.

"तू पायाळू," ती म्हणाली. "पाय आले, धड आलं, डोकं काय यीना. लई वाट बघाय लावलीस. तवाच मी तुझ्या आईला म्हनलं हुतं, बाई, ह्येचं डोकं कायम उशिराच येणार."