तीन सवाऱ्यांचं प्रमेय

आमच्या गणित विभागातले किस्से कोणी लिहून ठेवले नाहीत. पण दोघं चहाला भेटलो, की एकातून दुसरा निघतो आणि चहा निवतो. वानखडेचे तर विचारूच नका! सगळं सुखरूप निस्तरलं म्हणून आज हसतो, नाहीतर तेव्हा आमचाच जीव टांगणीला लागला होता.

*

वानखडे थोटे बाईंकडे पीएचडी करत होता. विषय हायपरग्राफ. मी बाईंना म्हटलं, "सोपं करून सांगा."

"साधा ग्राफ म्हणजे सायकल गा. डबलसीट! हायपरग्राफ म्हणजे ऑटो. आमच्या ऑटोत तीन सवाऱ्या."

प्रत्येक ऑटोचा एक ठिपका काढायचा. दोन ऑटोंत एक सवारी सामाईक असली, की त्या ठिपक्यांमध्ये रेघ. वानखडेचं प्रमेय उलटीकडून होतं: अमुक कुटुंबातलं कुठलंही चित्र द्या, तो त्यामागचे ऑटो काढून दाखवणार.

"आणि चौथी सवारी?"

"ते नागपुरात ड्रायव्हरजवळ बसते. गणितात नाही!"

*

वानखडे सावनेरला मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "संशोधन कायच्यावर करून राहिले?"

"कुटुंबांवर."

दिवस आणीबाणीतल्या नसबंदीचे. आतून मुलीची आई ओरडली, "अहो, पोहे देऊ नका त्याले!"

*

ही कुटुंबं गणितातली, अशी शेवटी त्यांची समजूत पटली. मुलगीही पसंत, वानखडे तर पार विरघळलेला. वडील म्हणाले, "डिग्री भेटली तर लग्न."

"तर, की तरच?"

"काहून? फरक पडते का?"

"पडते ना! आमची जिंदगी त्याच्यातच चालली!"

"मंग तरच!"

बसा आता!

*

शेवटी व्हायवा, भूगोलाच्या वर्गात; तिथल्या फळ्यावर एरवी नकाशे टांगत. बाहेरगावचे परीक्षक जाड भिंगांचे. त्यांनी फळाभर एक चित्र काढलं, मधोमध दोन लांब रेघांची फुली, आणि खुर्चीत जाऊन बसले.

"तुमच्या कुटुंबातलंच आहे. ऑटो काढा."

वानखडे काढत काढत फुलीपाशी आला आणि थांबला. मधल्या पांढऱ्या ठिपक्यातून चार रेघा निघत होत्या, चार वेगळ्या ऑटोंकडे, आणि त्या चौघांत आपसात एकही रेघ नव्हती.

"सर, चौथी सवारी बसत नाही."

परीक्षकांनी चष्मा पुसून पाहिलं. "खरंच की! मग प्रमेय पडलं."

वानखडेचा खडू गळून पडला.

थोटे बाई शांतपणे उठल्या, फळ्याजवळ गेल्या, आणि खांद्यावरची पर्स त्या मधल्या ठिपक्याला अडकवून परत जागेवर येऊन बसल्या.