बसमध्ये वर केलेला हात

शिरूर कासारहून बीडला येताना बसमध्ये मी फोनवर बोलत होतो. शेजारची बाई वळली. "तुमी अर्थशास्त्राचे सर ना? आवाज वळखला!"

आमच्या मुक्त विद्यापीठाने माझी व्याख्यानं मोबाईलवर दिली आहेत. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यापुढे बोलताना मी जीव ओतला नाही, याची टोचणी आहे. ही बाई मात्र तीच व्याख्यानं ऊसतोडीच्या फडावर ऐकायची आणि आज बी.ए.चा शेवटचा पेपर द्यायला निघाली होती.

"लई भरभर बोलता, सर. सारखं थांबवते तुमाला. सासू म्हणती, मास्तरला गप केलंस का?"

मग कॉलेजचा वर्ग कधी न पाहिलेल्या त्या बाईने चक्क हात वर केला. "संधी खर्च अजून कळला न्हाई."

"एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. सोडली तिची किंमत म्हणजे संधी खर्च."

कोयत्याने चिरलेल्या बोटांकडे ती बघत राहिली. "म्हंजे आज पेपरापायी फडावर खाडा पडला, मजुरी बुडाली, ती?"

"तीच, ताई!" मी इतक्या अभिमानाने ओरडलो की कंडक्टरने वळून पाहिलं.

"मंग लई स्वस्तात पडलं की," ती म्हणाली आणि पदर खोचून कॉलेजच्या थांब्यावर उतरली.