मधला पत्रा

कामठीतला माग बंद पडला तेव्हा गणपतराव पन्नाशी ओलांडून गेले होते. मागाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. बरेच दिवस हिंडून शेवटी कचरागाडीवर लागले. सकाळी शेअर ऑटो, मग बस, मग मनीषनगर. मोहित गाडी चालवायचा, गणपतराव मागून चालत घराघरातले डबे उचलायचे.

या कामाला हलकं समजू नये. भरलेला डबा कमरेतून उचलणारा माणूस आठवड्यात आडवा होतो. गुडघ्यात वाकावं, डबा पोटाशी घ्यावा आणि पायांच्या जोरावर उठावं. गणपतरावांना हे कुणी शिकवलं नाही. मागावर उभं राहून पाय तयार झाले होते.

मागाची आणखी एक खोड अंगात राहिली होती. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढे. तसाच चालवला तर पुढचं सारं कापड वाया. कचऱ्यातही त्यांनी तेच केलं. ओला-सुका एकत्र दिसला की डबा खाली ठेवायचा आणि फाटकाशी उभं राहायचं. मोहितनं कितीही हॉर्न वाजवला तरी हलायचं नाही.

गल्लीतल्या यमुताईंनी पहिल्यांदा त्यांना चांगलंच झापलं. कारकून नवऱ्यानं पै-पै जोडून बांधलेलं घर त्या एकट्यानं सांभाळत होत्या. जन्म गेला घर आवरण्यात, आता कचरा टाकायला तुझ्याकडून शिकू का, म्हणाल्या. शिकवत नाही जी, उभा आहे फक्त, असं गणपतराव बोलले आणि खरंच उभे राहिले. शेवटी यमुताई पायरीवर बसल्या आणि पुटपुटत साली एकीकडे, कागद एकीकडे करू लागल्या.

नियम नंतर आला. वेगवेगळा कचरा देणाऱ्या गल्लीला घरपट्टीत सूट, मिसळून देणाऱ्याला दंड. मग बाकीची घरंही सुधारली. पण यमुताई सगळ्यांच्या पुढे गेल्या होत्या. दुधाच्या प्लास्टिकच्या पन्न्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या. शेजारणी म्हणायच्या, यमुताईंच्या घरी रोज पाहुण्यांचं धुणं असतं.

एकदा पन्न्या हाती देताना त्यांनी विचारलं, "खरं सांगा गणपतराव, पुढे जाऊन सगळं एकत्रच करता ना?" आता त्या अहो-जाहो करत होत्या.

"नाही जी काकू. गाडीत मधात पत्रा आहे. इकडचं तिकडं जात नाही. मी सांगून राहिलो ना."

पत्रा खरंच होता. गणपतराव रोज त्याच्या दोन्ही बाजू खरवडून धुवायचे.

पुढे कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदाराला पैसे मिळायचे ते काट्यावरच्या वजनाचे. वेगळं केलेल्याचं वेगळं काही नाही. आख्ख्या गल्लीचा सुका कचरा चार विटांच्या वजनाचाही भरत नाही. मग गाडी हलकी आली तर घरी बसा, असा हुकूम झाला. मोहित वाटेत एका पाडलेल्या घराशी गाडी लावून विटांचा मलबा भरू लागला. पत्र्यामुळे फावडं अडायचं, म्हणून पत्रा काढून गाड्यांच्या शेडमागे टाकला.

गणपतरावांनी तो उचलून आणला आणि तारेनं घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेडमागे. पुन्हा आणला. तेव्हा मोहित म्हणाला, "मामा, काहून जिवावर उठून राहिले तुम्ही? माह्या घरी लेकरू येऊन राहिलं."

त्यानंतर गणपतरावांनी पत्रा आणला नाही. सकाळी यमुताईंच्या हातून कोरड्या पन्न्या घ्यायच्या आणि गल्लीबाहेर पडलं की त्यांच्यावर विटा पडताना पाहायच्या. यमुताई हसून निरोप द्यायच्या, ते जास्त लागायचं.

कचरा वेगळा होतो की नाही, या तपासणीचं काम एका वेगळ्या एजन्सीकडे होतं. गणपतराव तिथं गेले. आमच्या गाडीत सगळं एक होऊन राहिलं, येऊन पाहा, एवढंच सांगितलं. माणसं आली, त्यांनी गाडी उघडली. ओलं, सुकं, विटा. फोटो निघाले. त्या रात्री गणपतराव पोटभर जेवले.

दंड लागला तो गल्लीला. नियमात दंड होता कचरा देणाऱ्याला. गाडीत कचरा मिसळलेला सापडला आणि गाडी त्या गल्लीची, म्हणजे गल्लीनं मिसळून दिला. घराघरात नोटीस गेली, सूट रद्द झाली.

गणपतराव धावत पुन्हा एजन्सीत गेले. चिन्मयी नावाच्या मुलीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिला पटलंही. पण ती म्हणाली, "काका, आमचा नियम फाटकापर्यंतच आहे. पुढचं काट्यावर मोजतात. मधलं कुणाकडेच नाही."

कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं त्यांना कामावरून काढलंही नाही. उलट म्हणाला, आता फाटकाशी उभं राहायची गरज नाही, फेरी लवकर होईल.

दुसऱ्या दिवशी मोहितनं गल्लीत यायच्या आधीच विटा भरून घेतल्या. यमुताईंच्या दोरीवर नुसते चिमटे होते. फाटकाशी एकच डबा, तोंडापर्यंत भरलेला. यमुताई पायरीवर होत्या.

"गाडीत पत्रा आहे म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

तक्रार मीच केली, तुमच्यासाठीच केली, हे सांगावं असं गणपतरावांच्या ओठांवर आलं. पण दंड त्या तक्रारीनंच लागला होता. "होता जी," एवढंच ते बोलले.

यमुताई आत गेल्या. गणपतरावांनी डब्यात पाहिलं. भाताच्या खरकट्यात दुधाची पन्नी, न धुतलेली. सवयीनं डबा खाली ठेवला आणि पन्नी बाहेर काढली. हाताला आंबूस दूध लागलं. मोहितनं हॉर्न वाजवला नाही. तो आरशातून पाहत थांबला होता.

गणपतरावांनी पन्नी परत डब्यात टाकली. मग गुडघ्यात वाकले, डबा पोटाशी घेतला, नीट उठले आणि विटांवर रिकामा केला.