न चोपलेलं अंगण

७ नोव्हेंबर १९७८, मंगळवार. त्या दिवशी अंगण करायचं होतं. पावसाळ्यात अंगणाची माती सुटते, गवत माजतं, खळगे पडतात. म्हणून दिवाळी उलटली की आमच्या गिरीज गावात घरोघर अंगण नव्याने करत. वरचा थर कुदळीने उकरायचा, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने बडवून जमीन पाटासारखी सपाट करायची आणि शेवटी शेणाने सारवायची. काम सुनेचं. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षीचं अंगण माझ्याच हातचं होतं.

त्या वर्षी मला घाई होती. जवळच्या पापडी गावात बालवाडी शिक्षिकांचा प्रशिक्षण वर्ग निघाला होता आणि त्यात मला जागा मिळाली होती. सोमवारी सुरू होणार होता. मॅट्रिक होऊन मी या घरात आले, आणि त्यानंतर विहीर, घरामागची भाजीची वाडी आणि चूल सोडून माझं बाहेर जाणं लग्नाकार्यापुरतंच राहिलं. वर्ग पुरा केला तर नोकरी होती. माझे यजमान मुंबईला कामाला जात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आईला चालत असेल तर माझं काही नाही." मग सासूबाईंना विचारलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही.

"अंगण करून जा," म्हणाल्या. "पौर्णिमेला तुळशीचं लग्न आहे. उखडलेल्या अंगणात लग्न लागलेलं या घरात कोणी पाहिलेलं नाही."

सासूबाई घरची बोली बोलत. मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे.

कुदळ घेऊन बाहेर आले तर तुळशीपासून ओट्यापर्यंतची जमीन चाळणीसारखी झालेली. पेन्सिल जाईल एवढी भोकं, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी भुरभुरीत मातीचं कडं. उन्हाची तिरीप पडली तशा एकेक भोकातून माश्या निघाल्या. मधमाशीहून जाडसर, पोटावर निळसर पट्टे. वांग्याच्या फुलाला लोंबकळून घूंऽ करतात त्याच. त्यांना पोळं नसतं, प्रत्येकीचं बीळ वेगळं, आणि पाय पडल्याशिवाय चावत नाहीत. तरी गुडघाभर उंचीवर एवढ्या माश्या घोंगावताना वाकून कुदळ मारायची म्हणजे हिंमत लागते. मी पदर खोचून पहिला घाव घालणार, तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"थांब. अंगणात माशी उतरली म्हणजे लक्ष्मी उतरली. तिला उठवायची नसते."

"मग अंगण कसं करायचं, आई?"

"ती जाईल तेव्हा कर."

"कधी जाईल?"

"लक्ष्मीला विचारतात का, कधी जाणार म्हणून?"

शेजारची काकी, म्हणजे माझी चुलतसासू, कुंपणापलीकडून ऐकत होती. विहिरीवर मी एकटी सापडले तेव्हा म्हणाली, "अगो, परवाच्या वर्षी मागच्या दारी हीच माशी आली होती. तुझ्या सासूने रॉकेल ओतलं. तेव्हा लक्ष्मी माहेरी गेली होती वाटतं."

मी हसले नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. अंगण झाल्याशिवाय वर्ग नाही, आणि माश्या जाईपर्यंत अंगण नाही. घरात भांडण न होता दार लागलं होतं. भांडण झालं असतं तर निदान उलट बोलता आलं असतं.

एक गोष्ट माझ्या हातात होती, ती म्हणजे सडा. सड्याला कोणाची ना असत नाही. ओल्या जमिनीत या माश्या घर करत नाहीत हे मी पाहिलेलं होतं. वाडीत पाणी फिरतं तिथे एकही भोक नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी माश्या घरी परतायच्या आधी मी हंडे ओतून सडा घालू लागले. सासूबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा निवडत बघत होत्या.

"सडा घालतेस की भात लावतेस?"

"धूळ फार उडते, आई."

शुक्रवारपर्यंत अंगणातल्या माश्या खरंच उठल्या, पण वाडीत गेल्या नाहीत. त्यांना कोरडी माती हवी होती, आणि ती सगळ्यांत जवळ होती ती आमच्या ओट्याच्या मातीच्या भिंतीत. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांनी भोकं पाडायला सुरुवात केली. हा अंदाज मला आधी यायला हवा होता. सासूबाईंनी पुढच्या दाराला अडसर लावला. सगळी ये-जा मागच्या दाराने, न्हाणीच्या चिखलातून. माझी मुलं शाळेत तिथूनच गेली. आत दिवसा दिवा लावावा लागे. भाकऱ्या थापताना बंद दाराबाहेरची घूंघूं ऐकू यायची, आणि मी सोमवारला उरलेले दिवस मोजत बसायचे.

शनिवारी रात्री यजमानांशी बोलले. ते म्हणाले, "एक वर्ष थांबलीस तर काय बिघडेल?" पुढच्या वर्षी मला जागा ठेवणार कोण, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते लगेच झोपले.

रविवारी दुपारी मी सासूबाईंना म्हटलं, "अंगणात आता एकही माशी नाही. आज चोपायला घेते."

"माशी नाही. पिल्लं आत आहेत."

"कशावरून?"

"खणून बघ."

खुरपं घेऊन मी तुळशीजवळचं एक भोक धरून खणलं. वीतभर खोलीवर करंगळीच्या पेराएवढी मातीची कुपी निघाली, आतून मेण लावल्यासारखी गुळगुळीत. ती फुटली. आत पिवळा पातळ लगदा होता आणि त्यावर पांढरी अळी. शेजारी दुसरी कुपी, तिच्याखाली तिसरी. सासूबाई बरोबर होत्या. कुदळीने अंगण उकरलं असतं तर सगळ्यांचा चिखल झाला असता.

मी ओंजळीत ती फुटकी कुपी घेऊन उभी राहिले. सासूबाई पडवीच्या खिडकीशी आल्या.

"बघितलंस? आता बस पौर्णिमा होईपर्यंत."

"आणि पौर्णिमेनंतर?"

त्यांनी खिडकीचा गज धरला. म्हणाल्या, "तू पापडीला जाऊन पोरांना गाणी शिकवणार. वाडीला पाणी कोण लावणार? माझ्याने विहिरीच्या पायऱ्या उतरवत नाहीत आता. पडले तर कळायला घरात माणूस नाही."

हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता. पण घरात सासूने सुनेजवळ असं बोलायची रीत नव्हती. त्यापेक्षा लक्ष्मी सोपी.

"विहिरीत तुम्ही उतरायचं नाही," मी म्हटलं. "पहाटे अर्ध्या वाडीला पाणी लावून जाईन, उरलेलं आल्यावर. दुपारची काकीला हाक मारत जा. ती नाहीतरी कुंपणालाच असते."

"आणि अंगण?"

"उकरणार नाही. चोपणार नाही. वरून सारवते."

"न चोपता? ते सारवण आठ दिवसांत उखडेल."

"उखडू दे."

"लोक हसतील."

"लग्नाच्या दिवशी नाही हसणार. नंतर हसले तर सांगा, सून बाहेर जाते, घराकडे लक्ष नाही. लोकांना पटेल."

सासूबाईंनी खिडकी लोटून घेतली. हो म्हणाल्या नाहीत. पुढे कधीही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातच वाडीत पाणी सोडलं. मग गोठ्यातून शेण आणून पातळ कालवलं आणि तुळशीपासून मागे सरकत सारवायला घेतलं. भोकांवरून हात फिरवताना दाब दिला नाही. शेणाचा पापुद्रा फोडून आतल्या माश्या पुढे बाहेर येतील की नाही, मला ठाऊक नव्हतं. खळगे खळगेच राहिले. हातभर रुंद उंचवटा तर मधोमध दिसत होता. एवढं वाईट अंगण मी आयुष्यात केलं नव्हतं. मुलांचे डबे भरले, आंघोळ केली, धुवट पातळ नेसले. ताट झाकून सासूबाईंच्या पलंगाशी ठेवलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, जाग्या होत्या. "येते," म्हटलं आणि मागच्या दाराने चपला हातात घेऊन चिखलातून रस्त्यावर आले. तिथे पाय पुसले, चपला घातल्या आणि पापडीच्या दिशेने चालू लागले.