बेलाईददादाला मिळालेला देश

फ्रेंचांविरुद्धची लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा बेलाईददादा सात वर्षांनी डोंगरातून खाली येत होता. बुर्नूसच्या, म्हणजे टोपीवाल्या लोकरी झग्याच्या आत त्यानं निशाण गुंडाळलं होतं, दाढी छातीपर्यंत वाढली होती आणि एका पायात बूट होता, दुसऱ्यात चप्पल. मी त्याचा चुलतभाऊ, अर्ध्या वाटेवर त्याला गाठायला धावलो होतो. खाली गावात बायका किलकाऱ्या मारत होत्या, पण रेडिओवर पुढचं जे सांगितलं होतं ते त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"दादा, देशाचे दोन भाग केलेत."

"कुणी?"

"दोघांनी मिळून. तहच तसा झालाय. अल्जियर्स, ओरान, सगळी बंदरं, किनाऱ्याची सपाटी फ्रान्सकडे राहणार. डोंगर आणि वाळवंट आपलं."

"आणि मधे काय?"

"आपल्या इथं इस्सर नदी."

तो रस्त्याच्या कडेला बसला. बराच वेळ बूट काढून त्यातला खडा शोधत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दगड आपले आणि माती त्यांची." आणि उठून गावात गेला. बायकांनी त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, आणि रव्याच्या कुसकुसावर त्या दिवशी मांसही होतं. तो सगळ्यांशी हसून बोलला.

आमचं गाव अगूनी, नदीच्या या अंगाला, चढावर. त्याची थोरली बहीण धेहबिया पलीकडे थाला गावात दिली होती. आई गेली तेव्हा बेलाईद रांगत होता. त्याला वाढवलं ते धेहबियानं. तो तिला नन्ना म्हणायचा आणि साऱ्या जगात फक्त तिलाच घाबरायचा. लढाईत तो रानात असताना तिनं सातूच्या भाकऱ्या गवताच्या भाऱ्यात घालून कितीदा पोचवल्या होत्या. तहानंतर लोकांना थोडे दिवस मिळाले, कुठं राहायचं ते ठरवायला. बेलाईद निरोपावर निरोप पाठवत होता, इकडे ये. तिचा नवरा वाली एका फ्रेंच मालकाच्या द्राक्षमळ्यात वाटेकरी होता. त्यानं उलट निरोप धाडला, "तिकडे येऊन खाऊ काय? निशाण?"

नदीकाठानं काटेरी तारेचं कुंपण आलं.

अंजिराचं असं आहे की आमच्या चढावरची झाडं एकट्यानं पिकत नाहीत. जूनमध्ये त्यांच्या फांद्यांवर नर अंजिराच्या माळा टांगाव्या लागतात. त्या नरातून बारीक माशी निघते, ती मादीच्या फळात शिरते, तेव्हा फळ टिकतं, नाहीतर कच्चंच गळून पडतं. नराची झाडं उबेची. आमच्या थंडीत जगत नाहीत. ती सगळी थालात, आणि सुकी अंजिरं म्हणजे आमचा अख्खा हिवाळा.

पहिल्या जूनला धेहबिया काठावर आली. डोक्यावर टोपली, कंबरेला गुंडाळलेली पिवळ्या-लाल पट्ट्यांची फूता. तिनं दगडाला बांधून माळा पलीकडून भिरकावल्या. काही पाण्यात पडल्या, काही तारेवर अडकल्या, पुष्कळशा आमच्यापर्यंत आल्या. फ्रेंच सैनिक वर बसून सिगारेट ओढत बघत होते. त्यांनी काही केलं नाही.

"काय रे बेल्या, किती वाळलास! तुझं सरकार जेवायला घालत नाही का?" ती ओरडली.

"घालतं की, नन्ना! रोज भाषण, शुक्रवारी दोन!"

"आमचं तेही देत नाही. फक्त ओळखपत्र विचारतं. मी रोज तीच असते, तरी रोज विचारतं."

काठावर हशा पिकला. पलीकडचे सैनिकही हसले, काही न कळता. असे काही जून गेले. गावातले लोक त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून नदीवर यायचे. कुणी मामाला, कुणी आत्याला हाका मारायचे. कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं त्या एका दिवसात ओरडून व्हायचं.

मग आमच्याकडे पक्षाच्या गावसमितीचा नवा प्रमुख आला, सी स्लीमान; 'सी' म्हणजे आपलं 'राव'. परगावचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं बेलाईदला बैठकीत बोलावून सांगितलं, "तुझ्यासारख्या लढवय्यानं शत्रूच्या मुलखातून माल घेणं शोभत नाही."

"माल? अंजिरं आहेत ती."

"त्यांच्या जमिनीतली."

"मग त्या माशीला विचारा, सी स्लीमान, ती कुठल्या पक्षाची ते."

सगळी बैठक हसली. स्लीमानही हसला, पण त्याच्या लक्षात राहिलं.

त्या वर्षी वसंतात आमच्या बाजूची माणसं पलीकडे जाऊन द्राक्षमळे जाळून आली. त्यांनी गोळीबार केला, आम्ही केला. जून लागला तेव्हा काठावर जायला मनाई होती, तरी आम्ही गेलो, कारण झाडं थांबत नाहीत. धेहबिया वरच्या उतारावर दिसली. नेहमीची वाट सैनिकांनी अडवली होती म्हणून ती पाणवठ्याच्या जुन्या पायवाटेनं उतरत होती, टोपली एका हातानं धरून.

"नन्ना, तिथंच थांब! वरून टाक!" बेलाईद ओरडला.

"वरून पोचायला मी काय तोफ आहे?"

हे तिचे शेवटचे शब्द. वाट वळते तिथं जमीन उडाली. धूर खाली बसला तेव्हा टोपली उतारावरून घरंगळत पाण्यात आली होती. बेलाईद तारेवर चढला. आम्ही चौघांनी त्याला खाली ओढला, त्यात माझा दात गेला. पलीकडून सैनिक उतरले, लांब काठ्यांनी जमीन टोचत टोचत तिच्यापर्यंत पोचले आणि तिला घोंगडीत घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी थालाच्या दफनभूमीत माणसं जमलेली आम्हाला या चढावरून दिसत होती. इमामाचा आवाज पोचत नव्हता. त्यांनी हात उचलले की बेलाईद हात उचलायचा, आम्ही त्याच्या मागं.

तो रानात सुरुंग पेरण्यात तरबेज होता. स्फोटाचा आवाज त्यानं ओळखला होता. संध्याकाळी तो स्लीमानच्या दारात उभा राहिला. मी सोबत होतो, तो काही करून बसेल या भीतीनं.

"एकच विचारतो. सुरुंग आपला होता का?"

स्लीमान म्हणाला, "त्यांच्या गस्तीसाठी होता."

"जुन्या पायवाटेवर?"

"गस्त तिथूनच येते. बेलाईद, तू लढलायस. तुला ठाऊक आहे या गोष्टी कशा होतात."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. मी हात धरायला सरसावलो होतो, पण तो वळला आणि घरी आला. मला वाटतं त्यानं स्वतः पेरलेले सगळे सुरुंग त्या वाटेत त्याला आठवले असणार.

त्या साली अंजिरं गळली. बायका कच्ची फळं गोळा करून शेळ्यांना घालत होत्या.

पावसाळी दिवसांत समितीनं शाळेला नाव दिलं. पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरात: शहीद धेहबिया, शत्रूच्या सुरुंगाचा बळी. उद्घाटनाला बेलाईदला पुढं बसवणार होते. तो स्लीमानला म्हणाला, "नाव नको. आणि द्यायचंच तर खोटं नको." पाटी लागलीच. दुसऱ्या दिवशी भर सकाळी, मुलं शाळेत येत असताना, त्यानं शिडी लावून ती उतरवली आणि गुडघ्यावर मोडली. त्याला पकडून नेलं. ज्या देशासाठी तो सात वर्षं गुहांत राहिला त्याच्या तुरुंगात एक हिवाळा काढून तो परत आला. तेव्हा पाटी नवी लागली होती, या वेळी लोखंडी.

जमिनीत काही उरलं नव्हतं. तोवर दोन्ही सरकारांनी पूल उघडला होता, फक्त मजुरांसाठी. किनाऱ्याला हात हवे होते आणि आमच्याकडे हातांशिवाय काही नव्हतं. गावातले बाप्ये परवाने घेऊन अल्जियर्सच्या गोदीवर जायला लागले. मीही गेलो. बेलाईददादा सगळ्यांच्या शेवटी तयार झाला. दर सोमवारी आठवड्याच्या कामाला जाताना पुलावर फ्रेंच सैनिक हात वर करायला लावून झडती घ्यायचे. पहिल्या सोमवारी दादानं हात वर केले तेव्हा आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

ट्रक थालावरून जायचा. मजुरांना वाटेत उतरायची बंदी होती. दफनभूमी रस्त्याला लागूनच. वळणावर ट्रक हळू व्हायचा. एकदा वाली रस्त्यात उभा दिसला. दादानं हाक मारली, "वाली, तिच्याजवळ माझ्याकडून..." वालीनं ट्रककडे पाहिलं आणि थुंकला. "तुम्हीच मारलीत," एवढंच म्हणाला.

गोदीवर आम्ही दारूची पिंपं चढवायचो. एकदा दोर सुटला आणि पिंप त्याच्या पाठीवर आलं. परवाना काढून घेतला. तेव्हापासून तो अगूनीतच आहे, काठी घेऊन.

गेल्या वर्षी गावातले तीन तरुण त्याच्याकडे आले. किनारा सोडवायचाय, म्हणाले, तुम्ही सुरुंग पेरायला शिकवा. मला वाटलं काठीनं हाकलेल. तो म्हणाला, "बसा."

मी नंतर भांडलो. "सगळं बघूनही? तू?"

"हे जाणारच आहेत," तो म्हणाला. "मी शिकवलं तर निदान पायवाटा सोडतील."

ते तिघं पलीकडे गेले. एकही परत आला नाही. त्यांच्या घुसखोरीचा बदला म्हणून फ्रेंचांनी पूल बंद केला, सगळे परवाने रद्द केले आणि नदीकाठची गावं उठवून लोकांना पश्चिमेकडच्या छावण्यांत नेलं. थालाही उठवलं. घरांची छपरं काढून नेली.

दादा हल्ली दिवसभर गावबैठकीच्या जागी दगडी बाकावर असतो. त्या तीन मुलांपैकी एकाची आई समोरूनच पाणी भरायला जाते. रोज जाताना थांबते आणि विचारते, "काही कळलं का, दादा?"

"नाही, बाई," तो म्हणतो.

ती घागर सावरते आणि पुढं जाते.