बहिष्कार नव्हे, वाळीत

गद्रे मॅडमची आणि माझी पहिली भेट त्यांच्या घरच्या एसीने घडवून आणली. ओमानात शुक्रवार-शनिवारची सुट्टी नुकती सुरू झाली होती. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या वर्कशॉपमधून मी दुरुस्तीला गेलो, तर एसीचं पाणी थेट टेबलावर गळत होतं आणि शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मॅडम पलंगभर आपल्या पुस्तकाचे ओले कागद पसरून एकेक टिपत होत्या. एसीचं मला काही विचारलंच नाही. म्हणाल्या, पंखा लावू नका, पानं उडतील.

पाइप साफ करता करता मी एक पान वाचलं. वाचायची खोड आहे मला, पूर्वीपासून. पाचशे वर्षांपूर्वी स्पेन-पोर्तुगालमध्ये ज्यू लोकांना जबरदस्तीने बाटवलं, त्यांच्या वंशजांतले काही पुढे जीव मुठीत घेऊन ॲमस्टरडॅमला पोचले, तिथे त्यांना जरा मोकळं जगता आलं, आणि मग त्यांनीच आपल्यातल्या एका तरुणाला धर्माबद्दल शंका काढतो म्हणून समाजाबाहेर घातलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. पानावर मथळा होता, ‘बहिष्कार’.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हा बहिष्कार नाही. ह्याला आमच्यात वाळीत टाकणं म्हणतात."

मॅडमनी हातातला फडका खाली ठेवला. मला बसवलं, चहा दिला (चहा त्यांना येत नाही, हे त्यांच्या साठीच्या या अंकात एकदा छापून आलेलं बरं) आणि फरक विचारला. मी म्हटलं, बहिष्कार मालावर टाकतात, सभेवर टाकतात. वाळीत माणूस पडतो. विहिरीवर त्याच्या बायकोला बघून इतर बायका गप्प होतात, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मला हे इतकं कसं ठाऊक, ते तेवढं विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरच्या शुक्रवारच्या वाचनमंडळाचा सभासद झालो.

मंडळ नऊला म्हणजे नऊला सुरू व्हायचं, माणसं दोन असोत की वीस. बौशरहून येणाऱ्या कुटुंबांतली मुलं इंग्रजीत प्रश्न विचारायची, मॅडम उत्तर मराठीतच द्यायच्या, पण मुलांच्या मराठीला कधी हसल्या नाहीत. आम्हा वर्कशॉपवाल्यांना त्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. तो वाळीत पडलेला तरुण पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला, पण भिंगं घासून पोट भरायचा, आणि माणसाला न घाबरता विचार करता यावा यासाठीच राज्य असतं, असं लिहायचा. त्यानंतर शंभरेक वर्षांनी बर्लिनमध्ये दुसरे एक ज्यू विचारवंत झाले, ते रेशमाच्या कारखान्यात नोकरीला. त्यांनी तर सरळ लिहिलं, की धर्माला माणसाला समजवायचा अधिकार आहे, बाहेर काढायचा नाही. म्हणजे हीसुद्धा आमच्यासारखी ड्यूटीवाली माणसं! हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मग एका शुक्रवारी मॅडमनी वाळीतचं ते पान पुन्हा वाचलं, आणि मला बसवेना.

आता लिहूनच टाकतो. माझा सख्खा चुलतभाऊ दत्ताराम ओमानातच, इब्र्याला गॅरेजमध्ये आहे. पालखी कुणाच्या दारात थांबावी, यावरून त्याने गावकीत प्रश्न विचारला आणि गावाने त्याचं घर वाळीत टाकलं. बैठकीतून मला मस्कतला फोन आला, स्पीकरवर, तुला मान्य आहे ना म्हणून. सगळे ऐकत होते. मी ‘हो’ म्हटलं. गाव तिकडे समुद्रापार आणि ते वाळीत टाकणं आम्ही इकडे ओमानात पाळत होतो. बौशरच्या मॉलमध्ये एकदा दत्ताराम समोरून आला, तर मी ट्रॉली वळवली. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, वारले तेव्हा मी त्याला फोनसुद्धा केला नाही. त्याच काकांनी मला पोहायला शिकवलं होतं. लाज वाटते.

मंडळ सुटल्यावर मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, आता शिकवणी होणार. मॅडमनी ते पान पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "परब, या तत्त्वज्ञाला बाहेर काढल्याचा कागद आहे. पण नंतर त्याच्याशी त्याच्या लोकांतलं पहिलं कोण बोललं, ते मला कुठेच सापडत नाही. वीस वर्षं शोधतेय."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मंडळाला सुट्टी दिली, अशी पहिल्यांदाच. मला म्हणाल्या, इब्र्याचा बाजार बघायचाय, नेता का? बाजार त्यांनी दहा मिनिटांत उरकला. दत्तारामच्या गॅरेजसमोर मी गाडी उभी केली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मान खाली घालून वाचायला लागल्या. ते नाटक होतं, पुस्तक उलटं होतं. मग मीच उतरलो. म्हटलं, "दत्ता, काकांच्या वेळी मी चुकलो." त्याने पाना खाली ठेवला. "मस्कतसून हय येवक तुका पाच वर्सां लागली?" म्हणाला, आणि आत जाऊन तिघांसाठी चहा सांगून आला.

मॅडमचं पुस्तक यंदा छापून आलं. त्या प्रकरणाचं नाव ‘वाळीत’ आहे. गावकीला आमचं बोलणं कळलं तेव्हा माझंही घर वाळीत पडलं. मॅडमना त्याचं वाईट वाटतं, तीन वेळा बोलून दाखवलंय. मॅडम, वाटून घेऊ नका. तुमच्या सांगण्यावरून मी उतरलो नव्हतो, आणि तुम्ही नसता तर उतरलोही नसतो.

आता निवृत्त होऊन मॅडम पुण्याला चालल्यात. त्यांनी शंभरी गाठावी, असं या अंकात सगळेच लिहितील. माझं मागणं जरा स्वार्थी आहे. मॅडम, शुगर सांभाळा, गुडघे सांभाळा. गावी आमच्या वाडीला शेवटची चढण पायीच चढावी लागते. वर शेजारी-शेजारी दोन घरं आहेत, एक माझं, एक दत्तारामचं. तिथे गावातलं कुणी जेवायला येत नाही. तुम्ही या.