नंबराला लावलेली रिक्षा आणि आमच्या वकीलबाई

अ‍ॅड. विमलबाई सापटे यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच एका चुकीमुळे झाली. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ती चूक लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. पण ती वगळली तर जे उरते, ते कोणत्याही चांगल्या वकिलाविषयी लिहिता येईल असे उरते. म्हणून लिहिते.

माझे वडील जव्हारमध्ये रिक्षा चालवतात. आमचे घर जवळच्या साखरशेत गावी. पावसाळ्यात भात आणि नाचणी होते, बाकी वर्षभर घर रिक्षावर चालते. दोन वर्षांपूर्वी त्यांना आरटीओची एक नोटीस आली. बाजाराच्या अरुंद रस्त्यावर रिक्षा उभी करून वाहतुकीला अडथळा केला, तेव्हा परवाना रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा द्यावा, असे तिच्यात होते. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील म्हणाले, "वकील कशाला? माझी पोर लिहील." मी लिहिले. दोन महिन्यांनी परवाना रद्द झाल्याचा आदेश आला; तो लागू व्हायला महिन्याची मुदत होती. तो घेऊन आम्ही दोघे बाईंच्या कार्यालयाची पायरी चढलो.

बाईंनी आदेश वाचला, मग त्याला जोडलेली खुलाशाची प्रत वाचली.

"हा खुलासा कुणी लिहिला?"

"माझे पोरीनं," वडील खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. "ग्रॅज्युएट झालीय. अक्षर बघा बाई, छापल्यागत!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अक्षर चांगलंच आहे," एवढेच म्हणाल्या आणि कागद उलटा करून ठेवला. मग वडिलांना विचारले, "तुम्ही नाक्यावर नक्की काय करता, ते मला सांगा. घरी बोलता तसंच बोला."

"काय करतो? सकाळचा येतो, गाडी नंबराला लावतो. पुढली भरली का एक गाडी पुढं. परत भरली का परत पुढं. माझा नंबर आला का शिटा घेतो आन निघतो."

"गाडी सोडून कुठे जाता?"

"गाडी सोडून? अवो बाई, चहा प्यायला उतरलो तरी मागचा बोंबलतो, 'ओ काका, गाडी ढकला, नायतर नंबर सोडा!'"

बाई हसल्या. आदेशाच्या दोन प्रती काढून आणायला त्यांनी वडिलांना समोरच्या दुकानात पाठवले. ते बाहेर पडल्यावर त्यांनी खुलासा माझ्यासमोर सरकवला. "बाप म्हणतो 'नंबराला लावतो'. तू काय लिहिलंस, वाच."

मी वाचले, "मी माझे वाहन सदर ठिकाणी नियमितपणे उभे करतो."

'नंबराला लावतो' हे मला गावठी वाटले होते. सरकारी कागदात असे मराठी चालत नाही, असा माझा समज होता. 'नियमितपणे' हा शब्द तर मी मुद्दाम घातला होता. शाळेत नियमित हजर राहणाऱ्यांचे कौतुक होते, तसे साहेबांना वडिलांचे वाटावे म्हणून. आदेशात नेमके तेच वाक्य उतरवून घेतले होते. रस्त्यावर नियमितपणे वाहन उभे करत असल्याचे परवानाधारकाने स्वतःच कबूल केले आहे, असे त्यापुढे लिहिले होते.

"रांगेत पुढे सरकणारी गाडी वेगळी आणि कुलूप लावून सोडून दिलेली गाडी वेगळी," बाई म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या बोलण्यात हा फरक होता. तू त्याचं मराठी सुधारलंस आणि फरक पुसून टाकलास."

मला रडू आवरेना. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "रडून झालं की त्या टेबलाशी बस. अपील टाईप करायचंय."

त्या दिवसापासून मी त्याच टेबलाशी बसते. वडील प्रती घेऊन परत आले तेव्हा बाईंनी त्यांना फक्त इतकेच सांगितले, की खुलाशात एक वाक्य कमी पडले आहे, ते आपण अपिलात घालू. माझ्या वडिलांचा माझ्यावरचा विश्वास बाईंनी त्या दिवशी मोडू दिला नाही.

बाईंच्या कामाची एक पद्धत आहे. अशिलाचे वाक्य आधी जसेच्या तसे लिहायचे, त्याखाली कायद्याचे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून येणारी माणसे घरी वेगळी भाषा बोलतात आणि कचेरीत आली की घाबरून शाळेतले मराठी बोलू पाहतात. त्यात त्यांच्या तोंडून भलतेच निघून जाते. बाई त्यांना थांबवतात. "मला कळेपर्यंत तुमच्या बोलीत सांगा, मला घाई नाही," म्हणतात. बाहेर बाकावर दहा माणसे खोळंबलेली असली तरी.

वडिलांच्या अपिलासाठी बाई एका बाजाराच्या दिवशी स्वतः नाक्यावर आल्या आणि वही घेऊन रिक्षाच्या मागच्या सीटवर बसल्या. रांग किती वेळाने पुढे जाते, याची नोंद त्यांना स्वतःच्या हाताने करायची होती. शिरपामाळ बघायला आलेल्या कुणा पर्यटकाची मोठी गाडी रांगेच्या तोंडाशीच कुलूप लावून उभी होती. तिला कुणी विचारत नव्हते. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, सकाळधरनं शीट बसवून ठेवलीय, नेता कुठं बाईंना?" वडिलांच्या आधी आतून बाईच म्हणाल्या, "मुंबईला, अपिलात!" नाक्यावर हशा पिकला. वडील मात्र हसले नाहीत. पोलिसांची गाडी दिसली की त्यांचा हात अजूनही आपोआप किल्लीकडे जातो.

बाई रिक्षावाल्यांच्या बाजूने लढतात, म्हणून त्यांचे सगळे खपवून घेतात, असे नाही. मोखाड्याच्या रिक्षावाल्यांनी एकदा रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगा लावल्या आणि रुग्णवाहिका अडकली. दुसऱ्याच दिवशी बाई तिथे गेल्या. "पुन्हा असं झालं तर मी तुमच्या विरुद्ध उभी राहीन, आणि तुमची सगळी गुपितं मला माहीत आहेत," असे त्यांनी सुनावले. एक वयस्कर चालक म्हणाला, "बाय, तू आमची वकील का त्यांची?" बाई म्हणाल्या, "आत झोपलेल्या पेशंटची." त्या दुपारी चालकांनी स्वतःच चुन्याची रेघ मारली. तिच्या पलीकडे आजही कुणी गाडी लावत नाही.

मला सर्वांत जड गेलेली गोष्ट बाई नाक्यावर येऊन गेल्यानंतरची. खुलाशातले शब्द वडिलांचे नव्हते, माझे होते, असे प्रतिज्ञापत्र मी द्यावे, असे बाईंनी सांगितले. त्यासाठी आधी वडिलांना सगळे सांगणे भाग होते. मी आठ दिवस टाळले. शेवटी बाई म्हणाल्या, "कोर्टाला आधी कळलं आणि बापाला नंतर, तर चालेल तुला?" त्या संध्याकाळी वडील रिक्षाची काच पुसत होते, तिथेच उभी राहून मी सांगितले. ते बराच वेळ एकच जागा पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझाच मराठी बरा होता म्हण ना." ते हसले, पण त्या रात्री जेवले कमी.

प्रतिज्ञापत्र दाखल झाले. आदेशाला स्थगिती मिळाली, पण ती फक्त पुढच्या तारखेपर्यंत. दर तारखेला ती वाढवून मिळते. बाई या वयात पहाटेच्या एस.टी.ने घाट उतरतात आणि पुढची तारीख घेऊन परत येतात. आता अखेरची सुनावणी लागली आहे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. गेले काही महिने त्या कागद खिडकीशी नेऊन वाचतात, हे मी पाहत होते. नाशिकच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उशीर करू नका, असेही सांगितले. बाईंनी मला फोन लावायला लावून ऑपरेशन रद्द केले. "डोळा थांबेल थोडा. परवाना थांबायचा नाही," म्हणाल्या.

मी हे घरी सांगितले. वडील लगेच म्हणाले, "माझे नावाचा अर्ज लिही. तारीख पुढं मागायची."

"आणि स्थगिती नाही वाढवली तर?"

"तर गाडी दारात उभी राहील. बाईंचा डोळा गेला तर मी कुठनं आणू?"

अर्ज मी लिहिला. या वेळी वडील बोलले तसाच लिहिला. बाईंना न विचारता पाठवूनही दिला. त्यांच्या कार्यालयात दोन वर्षांत मी केलेली ही एकमेव चोरी.

हा ग्रंथ समारंभात बाईंच्या हाती येईल, तेव्हा सुनावणीला बारा दिवस उरलेले असतील. हे पान वाचून त्या रागावतील, याची मला खात्री आहे. स्थगिती वाढेल की नाही, याची खात्री नाही, आणि लिहितानाही भीती वाटते आहे. तरी आम्हा नाक्यावरच्या सर्वांच्या वतीने मागते, की बाईंना पुढची पुष्कळ वर्षे धडधाकट शरीर लाभावे, आणि अशिलाचा कागद खिडकीशी न नेता वाचता येईल अशी नजर लाभावी.

बाई, डॉक्टरांकडून ऑपरेशनची तीच तारीख मी पुन्हा ठरवून घेतली आहे. त्या सोमवारी सकाळी सहाला वडील रिक्षा घेऊन तुमच्या दारात येतील. नाशिकची एस.टी. साडेसहाची आहे. कृपा करून तयार राहा.